माणसांमागे राहिलेला घाट

माळव्यातील कोणत्याही जुन्या मराठी घरात कपाटाच्या खालच्या खणातून फोटोंचा आल्बम बाहेर काढावा. त्यात महेश्वरचा एक फोटो हमखास सापडतो. घाटाच्या पायऱ्यांवर आठ-दहा माणसे ओळीने उभी असतात. मधोमध आजी, तिच्या पदराला धरून कुणी लहानगे, कडेला नुकतीच लग्न होऊन आलेली सून. माणसांच्या खांद्यांमधून किल्ल्याच्या भिंतीचा एखादा कोपरा डोकावतो. नर्मदा मात्र दिसत नाही. ती फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी वाहत असते.

यात दोष कुणाचाच नाही. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा ज्या काळी मध्यमवर्गीय घरातला कॅमेरा होता, त्या काळी एका रोलवर बाराच फोटो निघत. त्या बारांपैकी एक नुसत्या पाण्यावर आणि दगडांवर खर्च करावा, हे घरातील वडीलधाऱ्यांना पटवणे सोपे नव्हते. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि रोल संपण्याची धास्ती उरलेली नाही. तरीही हौशी मंडळींची एक तक्रार कायम आहे. मांडूला गेलो, रूपमतीच्या मंडपातून खाली निमाडचे मैदान पाहिले, भान हरपले. पण घरी येऊन फोटो पाहतो तो एक पांढुरका पट्टा आणि त्यावर एक करडा पट्टा! जे पाहिले ते फोटोत आले का नाही?

प्रस्तुत लेख या तक्रारीसाठी आहे. ज्यांनी नुकताच कॅमेरा हाती घेतला आहे, किंवा ज्यांच्याकडे केवळ मोबाइल आहे, पण ज्यांना माणसांच्या मागे राहिलेला घाट आता पुढे आणावासा वाटतो, अशा वाचकांशी हा संवाद आहे.

रूपमतीच्या मंडपाचेच उदाहरण घेऊ. हा मंडप मांडूच्या पठाराच्या अगदी दक्षिण कडेवर आहे आणि त्याखाली जमीन सुमारे हजार फूट तुटत जाते. तेथे उभे राहिल्यावर आपली नजर एका जागी ठरत नाही. ती दूरच्या एका चकाकणाऱ्या रेषेवर जाते, मग जवळच्या सीताफळीच्या झुडपावर येते, पुन्हा आभाळाकडे वळते. उजेडात बुबुळ आकुंचन पावते, सावलीत विस्तारते, आणि या शे-दोनशे लहान लहान दर्शनांतून मेंदू एक भव्य चित्र जुळवतो. त्यात वारा असतो, चढून आल्याचा शीण असतो, बरोबरच्या कुणी सांगितलेली रूपमतीची गोष्ट असते. कॅमेऱ्याला यांतले काहीच ठाऊक नाही. त्याला एकच जागा, एकच क्षण आणि उजेड-अंधाराचा एक मर्यादित पल्ला एवढेच कळते. शिवाय मोबाइलचे मुख्य भिंग विस्तृत दृश्य घेणारे असते. ते पुष्कळ काही चौकटीत घेते, पण दूरच्या डोंगराला नखाएवढा करून टाकते. त्यात आपण तेथे पोहोचतो दुपारी बाराच्या सुमारास, कारण सकाळी इंदूरहून निघून, वाटेत नाश्ता करून, जहाज महाल पाहून मग तेथे जाण्याची रीत आहे. त्या वेळी हवेतील धूळ आणि बाष्प यांवर वरून ऊन पडलेले असते आणि सारे मैदान त्या पांढऱ्या झिलईखाली झाकले जाते.

म्हणजे चूक यंत्राची नसते. आपण त्याच्याकडून सर्व काही एकदम मागतो, तेथे घोटाळा होतो. या जागेतले मला नेमके काय आवडले, हा प्रश्न फोटो काढण्यापूर्वी स्वतःला विचारावा. दूरची रेषा आवडली असेल, तर भिंगाची पोहोच वाढवून केवळ ती रेषा आणि तिच्या अलीकडच्या दोन-तीन टेकड्या घ्याव्यात. पहाटे धुक्यात विंध्याच्या सोंडा एकामागून एक फिक्या होत जातात. १०० ते २०० मिलिमीटरच्या भिंगातून हे थर फार सुरेख दिसतात, आणि दुपारी वैरी वाटणारी तीच धूसर हवा येथे कामी येते. मंडपाची कमान आवडली असेल, तर ती पुढे घ्यावी आणि मैदानाला तिच्यातून डोकावू द्यावे. दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत कोंबण्याचा अट्टाहास करू नये.

इंदूरकरांना हा विचार नवा वाटण्याचे कारण नाही. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे चित्रकला विद्यालय उभारले आणि त्यांच्या हाताखालून नारायण श्रीधर बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार घडले. इंदूरातच जन्मलेल्या बेंद्र्यांनी पुढे, १९५० पासून, बडोद्याच्या कलाशाखेत अध्यापन केले. या मंडळींची निसर्गचित्रे कोठे पाहावयास मिळाली तर अवश्य पाहावीत, आणि त्यांत काय आहे यापेक्षा काय गाळले आहे याकडे लक्ष द्यावे. चित्रकार कोऱ्या कागदापासून आरंभ करतो, म्हणून गाळणे त्याला आपोआप साधते. नको ती वस्तू त्याने काढलीच नाही की झाले. छायाचित्रकाराच्या चौकटीत मात्र आधीच सारे भरलेले असते. विजेचा खांब, प्लॅस्टिकची पिशवी, कुणाची तरी मोटारसायकल, सारे हजर. एखादी वस्तू घालवायची असेल तर दोन पावले सरकावे लागते, वाकावे लागते, पायरीवर बसावे लागते. माझ्या मते नवशिक्याने नवे भिंग विकत घेण्यापूर्वी हे सरकणे शिकावे. त्याला पैसे पडत नाहीत, आणि फोटोत त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

आता एका जागेचा नीट विचार करू, कारण नवशिक्यासाठी सर्वांत हिताची गोष्ट म्हणजे दहा ठिकाणी एकदा जाण्याऐवजी एका ठिकाणी दहा वेळा जाणे. माझी निवड महेश्वरची. इंदूरहून साधारण ९० किलोमीटर. पहाटे निघाले तर सूर्योदयाला पोहोचता येते, मुक्काम केला तर उत्तमच. अहिल्यादेवींच्या काळातील किल्ला आणि घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर आहेत, म्हणजे त्यांचे तोंड दक्षिणेकडे आहे. ही एवढीशी बाब ध्यानी ठेवली की वर्षभराचे वेळापत्रक हाती येते.

डिसेंबरच्या उत्तरार्धात महेश्वरच्या अक्षांशावर सूर्य नेमक्या पूर्वेला न उगवता तिच्या सुमारे २५ अंश दक्षिणेस उगवतो आणि मावळतोही पश्चिमेच्या तितक्याच दक्षिणेस. परिणामी किल्ल्याच्या दर्शनी भिंतीवर आणि पायऱ्यांवर थंडीत उगवतीपासून मावळतीपर्यंत ऊन असते, आणि दोन्ही टोकांना ते तिरपे असते. तिरप्या उन्हात दगडावरील प्रत्येक कोरीव रेघ आपली सावली टाकते. नक्षी उठून दिसते ती त्या सावलीमुळे. जूनच्या उत्तरार्धात गणित उलटते. सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवतो, म्हणजे किल्ल्याच्या पाठीमागून, आणि सकाळी घाट सावलीत राहतो. महेश्वर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्यामुळे जूनच्या आरंभी आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास असे दोन दिवस येतात की भर मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाला सावलीच नसते. अर्थात जुलैत ढगांनी ते दिसू दिले तर! घाटाची भव्यता दाखवू पाहणाऱ्याने कार्तिक ते माघ हा काळ धरावा. पाण्यावरचा उजेड आणि नावांच्या काळ्या आकृत्या हव्या असतील, तर याच दिवसांत सकाळी घाटावर उभे राहून आग्नेयेकडे पाहावे. सूर्य समोरून येतो आणि नदी चांदीच्या पत्र्यासारखी होते. पात्राच्या मधोमध असलेले बाणेश्वराचे छोटे देऊळ अशा वेळी केवळ आकृतीने उभे राहते आणि तेवढे पुरते.

छायाचित्रणावरील परदेशी पुस्तकांत सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या सोनेरी उजेडाला एक तास, कधी दीड तास दिलेला असतो. ती पुस्तके उत्तरेकडील देशांत लिहिलेली असतात. तेथे सूर्य तिरपा, रेंगाळत वर चढतो. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ उभा चढतो; क्षितिजापासून सहा अंश वर यायला त्याला अर्धा तासही पुरतो. म्हणजे आपला सोनेरी उजेड अर्ध्या तासाचा, फार तर पाऊण तासाचा. उजाडल्यावर जागा शोधत फिरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. जागा आदल्या संध्याकाळी हेरून ठेवावी आणि अंधारात तेथे जाऊन उभे राहावे. सूर्यास्तानंतरही लगेच सामान आवरू नये. मावळल्यानंतर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी आभाळ गडद निळे होते आणि घाटावरील दिव्यांचा पिवळा उजेड त्याच्याशी तोलला जातो. नर्मदा जयंतीला, माघ शुद्ध सप्तमीस, पाण्यावर दिवे सोडतात. तेव्हा ही वीस मिनिटे सोडून काढलेल्या फोटोंत काळ्याभोर पडद्यावरचे पिवळे ठिपके तेवढे येतात, नदीचा पत्ता नसतो.

चंद्राच्या बाबतीत आपले पंचांग कोणत्याही पुस्तकाहून उपयोगी आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. तो जरा वर येईतो जमीन काळी पडते, आणि फोटोत एक तर पांढरी टिकली येते किंवा काळा कोळसा. त्याऐवजी शुद्ध चतुर्दशी धरावी. त्या दिवशी चंद्र साधारण पाऊण तास आधी वर आलेला असतो आणि झाडांवर, देवळांवर दिवसाचा शेवटचा उजेड अद्याप असतो. शिवाय ऋतूप्रमाणे पूर्ण चंद्राची जागा सूर्याच्या उलट सरकते. वैशाखात तो पूर्वेच्या दक्षिणेकडे उगवतो, म्हणजे महेश्वरच्या घाटावरून डाव्या हाताला, पाण्याच्या बाजूस. मार्गशीर्षात तो उत्तरेकडे सरकून किल्ल्याच्या बाजूला जातो.

चंद्राचा उल्लेख झाला म्हणून छायाचित्रणाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध हकिगत सांगतो. अमेरिकेचा विख्यात निसर्गछायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिको प्रांतात हिंडत होता. दिवस वाया गेला होता. परतीच्या वाटेवर हर्नांडेझ नावाचे खेडे लागले. मागे हिमाच्छादित डोंगर, वर ढगांचा एक पट्टा, त्यावर जवळजवळ पूर्ण चंद्र, आणि खाली दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचे ऊन. त्याने गाडी थांबवली, मोठा कॅमेरा तिवईवर चढवला, पण उजेड मोजण्याचे यंत्र काही सापडेना. ऊन तर निसटत होते. चंद्राच्या पृष्ठाची तेजस्विता किती असते हा आकडा त्याला तोंडपाठ होता; त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घेण्यासाठी फिल्मची बाजू पालटतो तोच क्रुसांवरचे ऊन गेले. तो एकच फोटो राहिला. अॅडम्सला स्वतःला त्याचे साल नीट आठवत नसे. पुढे खगोल-अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे, अशी वेळ काढली!

या हकिगतीत लोकांना दैव दिसते. मला तो तोंडपाठ आकडा दिसतो. चंद्र स्वतः उन्हात असलेला दगडाचा गोळा आहे, तेव्हा त्याला दिवसाउजेडीचेच माप लागते, हे साधे तत्त्व नवशिक्याला ठाऊक असले तर त्याच्या चंद्राची कोरी टिकली होणार नाही. मोबाइलवर पडद्यावरील चंद्रावर बोट टेकवून उजेड खाली ओढावा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या उतरवावे. हेच ढगांच्या बाबतीत. पांढरा ढग एकदा कोरा कागद झाला की नंतर कोणत्याही उपायाने त्यात काही भरता येत नाही. सावली थोडी काळी आली तर ती पुष्कळ अंशी उजळता येते. म्हणून आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर माप घ्यावे ते उजळ भागाचे.

आपल्याकडचे उदाहरण पाहावयाचे तर फार दूर जावे लागत नाही. राजा दीनदयाळ हे नाव हैदराबादच्या वाचकांना निजामाच्या दरबाराशी जोडलेले वाटते आणि ते खरेच आहे. परंतु त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो इंदुरात, १८७४ च्या सुमारास. सरधन्याला जन्मलेले आणि रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले दीनदयाळ तेव्हा येथील बांधकाम खात्यात आराखडे काढण्याच्या कामावर होते. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात त्यांनी मध्य भारतातील वास्तूंचे फोटो घेतले, आणि त्यांतून १८८६ मध्ये या वास्तूंवरील मोठा ग्रंथ निघाला. ग्वाल्हेरचा किल्ला, सांचीचे स्तूप त्यांच्या फोटोंत पाहिले म्हणजे नकाशे काढणाऱ्याचा हात जाणवतो. उभ्या रेषा उभ्याच आहेत, क्षितिज आडवेच आहे, आणि कॅमेऱ्याची जागा अशी धरली आहे की इमारतीच्या दोन बाजू एकदम दिसाव्यात, एक उजेडात आणि एक सावलीत. काचेच्या जड पट्ट्या, लाकडी कॅमेरा आणि तिवई घेऊन हिंडणाऱ्या माणसाला दिवसाकाठी मोजकेच फोटो परवडत. ही मोजकेपणाची शिस्त आज कुणी आपल्यावर लादत नाही, ती आपणच घालून घ्यावी लागते. एका सकाळी बाराच फोटो, असा क्लिक-थ्रीचा नियम महिनाभर पाळून पाहण्याजोगा आहे.

क्षितिजाविषयी दोन शब्द. ते कलले तर नदी सांडू लागते. प्रत्येक मोबाइलमध्ये आडव्या-उभ्या रेघांची जाळी पडद्यावर आणता येते, ती आणावी. क्षितिज बरोबर मधोमध ठेवल्यास चित्र दोन फाळ्यांत तुटते. आभाळ बोलके असेल तर त्याला दोन भाग द्यावेत, जमीन बोलकी असेल तर तिला. मात्र पाण्यातील प्रतिबिंब हाच विषय असेल, तर मध्यावरचे क्षितिज शोभते. मांडूचा जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये लांबलचक पसरलेला आहे, आणि त्याच्या लांब बाजू पूर्व-पश्चिमेस आहेत. पावसाळा संपता संपता तलाव भरलेले असताना संध्याकाळी मुंज तलावाच्या बाजूने पाहिले, तर महाल दोनदा दिसतो. तेथे नियम गुंडाळून ठेवावा.

विस्तीर्ण दृश्यात जवळचे काहीतरी असावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्य आहे. जवळचा दगड, बांधलेली नाव, ओली पायरी यांमुळे पाहणाऱ्याला पाय टेकायला जागा मिळते. मात्र जवळचेही स्पष्ट आणि दूरचेही स्पष्ट यायला हवे. मोबाइलच्या लहानशा भिंगात ते बहुधा आपोआप साधते. मोठ्या कॅमेऱ्यात अॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, लहान करावे लागते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या कॅमेऱ्यात २४ मिलिमीटरचे भिंग आणि एफ-११ एवढे छिद्र असेल, तर पावणेदोन-दोन मीटरवर फोकस करावा. सुमारे एक मीटरपासून थेट दूरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट येते. एफ-२२ पर्यंत जाऊ नये. फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्र मऊ पडते.

सामानाच्या यादीत मी पहिली तिवईच धरतो. ती हात स्थिर करते, पण त्याहून मोठा गुण म्हणजे ती माणसाला सावकाश करते. तिवई रोवल्यावर आपण चौकटीचे चारही कोपरे पाहू लागतो. महेश्वरजवळ सहस्रधारेला नर्मदा काळ्या खडकांतून शेकडो धारांनी फुटते. तेथे एक-पंचदशांश सेकंदापासून एक-दोन सेकंदांपर्यंत शटर उघडे ठेवून वेगवेगळे प्रयोग करावेत. एक-पंचदशांशला पाण्याचे तंतू दिसतात, अर्ध्या सेकंदाला ते रेशमाच्या लडीसारखे होते, आणि दहा सेकंदांना त्याचे धुके होऊन जाते. हे शेवटचे हल्ली फार लोकप्रिय आहे. मला ते आवडत नाही. नर्मदेच्या पाण्याला जोर आहे, त्याचा कापूस कशासाठी पिंजायचा? पण ही आवड-निवड झाली. दिवसाउजेडी शटर इतके लांबवायला भिंगापुढे काळसर काच लावावी लागते. दुसरी उपयुक्त काच म्हणजे पोलरायझर. ती आभाळ गडद करते म्हणून लोक घेतात. तिचा खरा उपयोग पावसात भिजलेल्या पानांवर आहे. ओल्या पानांवरील पांढरी चकाकी ती काढते आणि आतला हिरवा दिसू लागतो. मात्र मांडूसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात तिवई नेण्यापूर्वी परवानगीची चौकशी अवश्य करावी.

हिरव्या रंगाविषयी एक विनंती आहे. श्रावणातील मांडू मुळातच इतके हिरवे असते की त्यात भर घालण्याचे कारण नसते. तरी फोटो घरी आणल्यावर रंगाची कळ उजवीकडे सरकवण्याचा मोह होतो आणि गवत प्लॅस्टिकचे दिसू लागते. फोटोवर नंतर हात फिरवणे यात गैर काही नाही. अॅडम्सनेही हर्नांडेझच्या त्या फोटोचे आभाळ छापताना वर्षांगणिक गडद करत नेले. आधीच्या प्रतींतील ढग पुढच्या प्रतींत जवळजवळ नाहीसे झाले आहेत. तो पियानो शिकलेला होता आणि निगेटिव्हला स्वरलिपी, तर छापलेल्या प्रतीला गायन-वादन मानत असे. बंदीश एकच असली तरी प्रत्येक मैफलीत ती निराळी उभी राहते, हे देवासला कुमार गंधर्वांचे गाणे ऐकलेल्यांच्या या प्रदेशात समजावून सांगायला नको. पण त्याच न्यायाने, सगळेच स्वर तार सप्तकात लावले तर गाणे राहत नाही. फोटो शक्य तर रॉ स्वरूपात घ्यावा, उजेड-सावलीचा तोल साधावा, रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहावा. रात्री छान वाटलेला रंग सकाळी पुष्कळदा भडक वाटतो.

आणि पाण्याच्या काठाशी धीटपणा नको. पाताळपाणी इंदूर-महूच्या मंडळींना अंगणासारखे वाटते. जुलै २०११ मध्ये तेथे सहलीला गेलेली माणसे वरून अचानक आलेल्या लोंढ्यात वाहून गेली. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी डोंगरात पडलेला पाऊस ओढ्याला काही मिनिटांत फुगवतो. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात काड्या-पाने वाहत येऊ लागली, की तिवई उचलण्यातही वेळ न दवडता काठ चढावा. प्रवाहाच्या मधल्या खडकावरून दिसणारे दृश्य काठावरून दिसत नसेल, तर ते दृश्य सोडावे.

ही सारी खटपट कशासाठी, असा प्रश्न घरातून विचारला जातोच. भिंतीवर लावायला सुंदर चित्रे बाजारात मिळतात. त्याचे उत्तर मला नर्मदेच्याच काठी मिळते. इंदिरा सागर धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी, २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी, हरसूद गावातील लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडून विटा आणि चौकटी गाड्यांवर लादल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले, तेव्हा धार आणि बडवानी जिल्ह्यांतील निसरपूर, चिखलदा यांसारख्या गावांतील वस्त्यांत पाणी शिरले. बडवानीजवळच्या राजघाटावर गांधीजींच्या अस्थींचे स्मारक होते, तेही त्यापूर्वी, २०१७ मध्ये, हलवावे लागले. या धरणांचे हिशेब ज्याने त्याने आपापल्या परीने मांडले आहेत, तो वाद येथे नको. मी एवढेच पाहतो की अशा गावांच्या आल्बममध्ये लग्ने आहेत, मुंजी आहेत, शाळेचे वर्ग आहेत. बाजाराकडून घाटाकडे उतरणारा रस्ता, पिंपळाचा पार, पैलतीरावरची केळीची बाग ही मात्र माणसांच्या खांद्यांमधून, तुकड्यातुकड्याने शोधावी लागतात. त्या रस्त्याचे चित्र काढावे असे कुणाला वाटले नाही, कारण तो रोजच तेथे होता.

आपल्या भोवतीही रोज असणाऱ्या अशा जागा आहेत. इंदूरच्या चहूबाजूंची काळी शेते वसाहतींखाली जात आहेत. ज्या बांधावरून पूर्वी क्षितिज दिसे, तेथून आता चार मजली इमारत दिसते. ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथील वाचकांना आपापल्या गावचे असे बांध आठवतील. तेव्हा सुंदर जागांच्या जोडीने एक साधी जागा निवडावी. गच्चीवरून दिसणारी टेकडी चालेल, गावाबाहेरचा तलाव चालेल, एखादे आंब्याचे झाड चालेल. तेथे दर महिन्याला, त्याच दगडावर उभे राहून, त्याच भिंगातून, एकेक फोटो घ्यावा. पहिल्या वर्षी हाताशी बारा फोटो येतील आणि त्यांत चैत्राची पालवी, ज्येष्ठातील धुळीचे आभाळ, भाद्रपदातील भरलेले पाणी, पौषातील धुके असे सारे असेल. उजेडाचा अभ्यास यातूनच होईल. वर लिहिलेले निम्मे तरी या बारा फोटोंतून आपले आपल्यालाच सापडेल.

त्यांतले निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत. मोबाइल हरवतो, जुन्या तबकड्या वाचणारी यंत्रे बंद होतात; चांगल्या कागदावरचा फोटो कपाटाच्या खालच्या खणात, ओल नसेल तर, नातवंडांपर्यंत टिकतो. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने तारीख, वेळ आणि जागा लिहावी. बॉलपेनने लिहू नये, त्याची रेघ पुढच्या बाजूने उमटते आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. जागा लिहिताना नुसते ‘महेश्वर’ असे लिहून भागत नाही. कोणता घाट, वरून कितवी पायरी, तोंड कोणत्या दिशेला, नदीचे पाणी कोठवर होते, हेही लिहावे, म्हणजे पुढे कुणाला त्याच पायरीवर उभे राहावयाचे झाल्यास ती शोधता येईल. आणि घरची मंडळी बरोबर असतील, तर त्यांनाही खुशाल चौकटीत घ्यावे. फक्त त्यांना दहा पावले पुढे, पाण्याजवळच्या पायरीवर जाऊन बसायला सांगावे आणि नदीकडे पाहू द्यावे.